टेप, तेलाचं पाकीट आणि मंगळवारची दुपार: वस्तीत वजनाचा वर्ग कसा चालवावा

माझं नागपुरात सक्करदऱ्याला शिवणाचं दुकान आहे. दुकान म्हणजे घरातलीच पुढची खोली, दोन मशीन आणि एक कपाट. चोवीस वर्षं झाली. मापाच्या वह्या मी फेकत नाही, कारण दिवाळीच्या तोंडावर बायका येतात आणि उभ्याउभ्या सांगतात, "मागच्याच मापाचा शिवा, ताई." मागचं माप काढलं की मला आधीच कळतं, ह्या मापाचा शिवला तर हूक लागायचा नाही.

एका मे महिन्यात गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा मी त्या वह्या काढून बसले. एकाच बाईचं 2004 चं माप आणि 2019 चं माप शेजारीशेजारी ठेवलं. खांदा तेवढाच. दंड एक इंच वाढलेला, छाती तीन इंच, कमर सात इंच. दुसरी बाई काढली, तेच. तिसरी, तेच. त्या वह्यांत एक पान माझंही आहे. दिवसभर मशीनवर बसणाऱ्या बाईचं जे व्हायचं तेच माझं झालं होतं.

तिथून हा वर्ग सुरू झाला. दर मंगळवारी दुपारी तीन ते चार, वस्तीतल्या समाजमंदिरात, आणि तिथे काही कार्यक्रम असला तर मागच्या गल्लीतल्या विहारात. मंगळवार मुद्दाम धरला. दुसऱ्या दिवशी सक्करदऱ्याचा बुधवार बाजार असतो, त्यामुळे आज बोललेलं उद्या पिशवीत पडतं. शनिवारी सांगितलेली भाजी बुधवारपर्यंत कोणाच्या लक्षात राहत नाही. तुमच्याकडे आठवडी बाजार ज्या वारी असेल, त्याच्या आदल्या दिवशी वर्ग ठेवा. मैत्रिणींनी विचारलं की वर्ग कसा चालवायचा, तर मी पहिली हीच गोष्ट सांगते.

मी डॉक्टर नाही, आहारतज्ज्ञही नाही. म्हणून कुठे थांबायचं तेही पुढे लिहिलं आहे. ते वगळू नका.

आधी टेप, काटा नंतर

सगळे आधी वजनकाटा आणतात. मीही आणला. पहिल्या मंगळवारी एकोणीस बायका आल्या, मी मोठ्या उत्साहाने एकेकीला काट्यावर उभं केलं आणि आकडा मोठ्याने वाचून वहीत लिहिला. "अठ्ठ्याहत्तर!" मागून कोणीतरी हसलं. पुढच्या मंगळवारी तिघी आल्या, त्यातल्या दोघी माझ्या जावा. शिवणात आम्ही कोणाचं माप मोठ्याने बोलत नाही, पडद्याआड घेतो आणि वहीत टिपतो. चोवीस वर्षांची सवय मी त्या एका दुपारी विसरले, आणि ती चूक निस्तरायला दोन महिने घरोघरी फिरावं लागलं.

तेव्हा नियम करा: माप कोपऱ्यात घ्यायचं, आकडा फक्त त्या बाईला सांगायचा, वहीत नाव नाही, नंबर. "जाडी", "सुटली आहेस", "बाळंतपणानंतर आवरलंच नाही" हे शब्द वर्गात बंद. चेष्टेतही बंद. लहान मुलांना तर कोणासमोर तोलायचंच नाही. त्यांचे आकडे मोठ्यांसारखे वाचता येत नाहीत, वयाप्रमाणे तक्ता लागतो, तो अंगणवाडीताईंकडे आणि डॉक्टरांकडे असतो.

आता टेप का, ते सांगते. आपल्या लोकांचं शरीर फसवं आहे. हातपाय काटकुळे आणि पोट पुढे, हे आपण रोज बघतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडमधले डॉ. यूडकिन यांचा शेजारीशेजारी उभे असलेला फोटो 2004 साली लॅन्सेट ह्या वैद्यकीय मासिकात छापून आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या हिशेबात वजन, अगदी सारखा: 22.3. पण याज्ञिकांच्या अंगात चरबी 21.2 टक्के आणि त्या इंग्रजाच्या अंगात 9.1 टक्के. काटा दोघांना एकच म्हणाला. मी ही गोष्ट वर्गात सांगितली तेव्हा एक मावशी म्हणाल्या, "म्हणजे काटा लबाड आहे." लबाड नाही, पण अर्धवट आहे. 2019 ते 2021 मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पहिल्यांदा देशभर कमरेचं माप घेतलं. काट्यावर सुमारे 24 टक्के बायका जास्त वजनाच्या निघाल्या. टेपने मोजलं तर पोटावर चरबी असलेल्या 40 टक्के निघाल्या.

पोटाच्या आत, आतड्यांभोवती आणि यकृतात साठणारी ही चरबी साखरेचा आणि बीपीचा धोका वाढवते. म्हणून रेघ कमरेवर ओढली आहे: बायकांना 80 सेंटिमीटर, पुरुषांना 90. आपल्या टेपच्या इंचाच्या बाजूला ते साडेएकतीस आणि साडेपस्तीस येतं.

मोजायची जागा मात्र शिंप्याची नाही, हे मला स्वतःला नव्याने शिकावं लागलं. ब्लाउजला आम्ही छातीखालचा पट्टा मोजतो, कुर्त्याला जिथे सगळ्यात बारीक तिथे. इथे तसं नाही. कुशीत बोटं फिरवा, शेवटची बरगडी लागेल. मग खाली या, कमरेचं हाड लागेल. दोन्हींच्या बरोबर मध्ये टेप ठेवायचा. साडीची गाठ, परकराची नाडी खाली सरकवायची, कारण निऱ्यांच्या घडीवरून मोजलं तर दोन इंच उगीच वाढतात. पाय जरा फाकवून सरळ उभं राहायचं, श्वास सोडायचा आणि सुटलेल्या श्वासावर आकडा वाचायचा. पोट आत ओढलेलं कळतं. मी म्हणते, "ताई, फोटो नाही काढून राहिली मी, सोडा." टेप अंगाला लागेल इतकाच, रुतू द्यायचा नाही. आणि जुना टेप वापरू नका. कापडी टेप वर्षभरात ताणतो, माझा एक टेप 60 इंचांवर पाऊण इंच खोटं बोलत होता.

ज्यांना आकडे वाचता येत नाहीत त्यांच्यासाठी दोरी. डोक्यापासून टाचेपर्यंत दोरी धरा, तेवढीच कापा, बरोबर मध्ये दुमडा आणि कमरेभोवती गुंडाळा. टोकाला टोक भिडलं तर ठीक. भिडलं नाही तर कमर उंचीच्या निम्म्याहून जास्त आहे. ह्याला ना आकडा लागतो ना वही. आमच्याकडच्या एका सत्तरीच्या आजींनी ती दोरी घरी नेऊन सगळ्या सुनांना लावली. मी तसं करा म्हटलं नव्हतं.

काटा ठेवाच, पण दुसऱ्या नंबरला. आपल्यासाठी बीएमआय 23 च्या पुढे सावध आणि 25 च्या पुढे लठ्ठपणा धरतात. वर्गात भागाकार कोणी करत नाही, म्हणून मी उंचीप्रमाणे तक्ता लिहून भिंतीला लावला. पाच फुटी बाईला 53 किलोच्या पुढे सावध, 58 च्या आसपास लठ्ठपणाची रेघ, आणि 43 च्या खाली असेल तर वजन कमी. हा तिसरा आकडा विसरू नका. एकाच गल्लीत एक बाई 80 किलोची आणि तिची शेजारीण 39 ची, पांढरीफटक, असं आमच्याकडे आहे. तिला भाताची वाटी कमी करायला सांगितलं तर आपण तिचं वाटोळं करू.

खर्च एक हजार चाळीस रुपये

टेप तीन, वीसप्रमाणे 60. वजनकाटा 850. दोनशे पानी वह्या दोन, 80. मार्कर दोन, 50. तक्त्यांना जुन्या कॅलेंडरची कोरी पाठ. अकरा जणींनी शंभर शंभर काढले, साठ रुपये उरले, त्याचे फल्लीदाणे आणले. बाकी सगळं घरून: चमचे, वाट्या, एक काचेचा ग्लास, तेलाची रिकामी पाकिटं.

तुमच्या वस्तीत महिला आरोग्य समिती असेल तर आशाताईंना विचारा. शहरी आरोग्य अभियानात अशा समितीला वर्षाला पाच हजार रुपयांचा खुला निधी ठरलेला आहे. पण निधीची वाट बघत वर्ग थांबवू नका. बचत गटाची बैठक, भिशी, भजनी मंडळ, जिथे बायका तशाही जमतात तिथेच सुरुवातीला अर्धा तास मागून घ्या.

बोलणारी बाई वस्तीतलीच हवी. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 पासून हेच दाखवून दिलं. गावातल्या, कधी शाळेत न गेलेल्या बायका त्यांनी आरोग्याच्या कामाला तयार केल्या आणि गावाने त्यांचं ऐकलं, कारण त्या गावच्याच होत्या. आमच्याकडे एकदा बाहेरून एक बाई प्रोजेक्टर घेऊन आल्या. किन्वा आणि ब्रोकोली म्हणाल्या. बायकांनी छान मान डोलावली.

तेलाचा हिशेब

सहा मंगळवार तेलावरच घालवा, मी घालवले. तेल हा एकच विषय असा आहे की त्यात वजनही कमी होतं आणि पैसेही वाचतात. दुसरी गोष्ट नवऱ्याला पटकन पटते.

पहिल्या मंगळवारी फक्त विचारायचं: घरात माणसं किती आणि महिन्याला तेल किती? बोलायचं काही नाही, फळ्यावर लिहायचं. पाच माणसांत पाच लिटर, चौघांत सहा, सात जणांत नऊ. मग हिशेब: माणशी महिन्याला अर्धा लिटर पुरतं. पाच जणांना अडीच लिटर. सगळ्या एकदम बोलायला लागतात. "मंग भाजी कशात फोडणी द्यायची, पाण्यात?" बोलू द्या.

दुसऱ्या मंगळवारी चमचा दाखवा. पोह्याचा मोठा चमचा, 15 मिलीचा. माणशी दिवसाला तेवढं एक. पाच जणांच्या घरात सकाळी पाच चमचे तेल एका वाटीत काढून ठेवायचं आणि दिवसभर त्याच वाटीतून घ्यायचं: पोळीला, फोडणीला, सगळ्याला. ही वाटी करून बघा, मग कळतं की आपण बरणी थेट कढईवर वाकडी करत होतो. एका मोठ्या चमच्यात सव्वाशेच्या आसपास कॅलरी असतात. माणशी लिटरवरून अर्ध्या लिटरवर आलात तर दिवसाला जेवढं कमी होतं, तेवढं जाळायला साठ किलोच्या बाईला जवळपास चाळीस मिनिटं भरभर चालावं लागेल. तुपाचा हिशेबही ह्यातच. "आमचं घरचं तूप आहे" म्हणून ते वाटीबाहेर राहत नाही.

पाकीट बघून घ्यायला शिकवा. एक लिटर तेल म्हणजे साधारण 910 ग्रॅम. बाजारात 850, 800, 750 ग्रॅमची पाकिटं तशीच दिसतात आणि तेल लवकर संपतं म्हणून बायका स्वतःला दोष देतात. रिकामी पाकिटं वर्गात आणा आणि लहान अक्षर ज्यांना दिसतं त्यांना वाचायला लावा. दीडशे रुपये लिटर धरलं तरी अडीच लिटरचे महिन्याला पावणेचारशे वाचतात. त्यात भाजी येते.

कमी तेलात फोडणी कशी द्यायची हे सांगून जमत नाही, करून दाखवावं लागतं. आम्ही समाजमंदिराच्या ओट्यावर शेगडी मांडली. आलू-वांग्याची भाजी दोन कढयांत केली, एकीत नेहमीसारखं तेल, दुसरीत दोन चमचे. दुसरीत कांदा झाकण ठेवून, पाण्याचा हबका मारत शिजवला. भिवापुरी मिरची दोन्हीत सारखीच. नंतर डोळे मिटून चव घ्यायला लावली. बहुतेकींना फरक कळला. खोटं कशाला सांगू, पहिली जास्त चांगली लागली. पण दुसरी टाकून कोणी दिली नाही, आणि ती रोजच्या जेवणाला चालेल असं ठरलं. पहिली रविवारी.

तर्रीपोह्यांवर वाद घालू नका. नागपुरात राहून तर्री बंद करा म्हणणारी बाई मंगळवारी एकटीच बसेल. आम्ही एवढंच ठरवलं: तर्री ढवळायच्या आधी वरचा तवंग डावाने बाजूला काढायचा, चना दुप्पट घ्यायचा, आणि त्यावर शेव नाही. सावजी जेवायला महिन्यातून एकदा जायचं, पोटभर जेवायचं, परत येऊन अपराधी वाटून घ्यायचं नाही. रोजची वाटी सांभाळली तर महिन्याचं ते एक जेवण काही करत नाही. तळणीचं तेल मात्र पुन्हा पुन्हा तापवायचं नाही. उरलेलं एकदोनदा फोडणीला वापरा आणि संपवा.

साखर, भात आणि बुधवारची पिशवी

साखरेला एक दुपार पुरे. रिकामी वाटी मध्ये ठेवायची आणि प्रत्येकीने दिवसभराच्या चहाची साखर त्यात टाकायची. चार कप, दोन दोन चमचे, म्हणजे आठ चमचे, 40 ग्रॅम. वरून घातलेली साखर दिवसाला 25 ग्रॅमच्या आत असावी, म्हणजे पाच चमचे, आणि त्यात बिस्किटं, शरबत, गोड सगळं आलं. 200 मिली थंड पेयाच्या बाटलीत चारेक चमचे असतात, तेही वाटीत टाकून दाखवा. बोलायची गरज पडत नाही. चहा सोडायला सांगू नका, दर पंधरा दिवसांनी अर्धा चमचा कमी करा. चार महिन्यांत जीभ सवय लावून घेते. गूळ घातला म्हणून काही सुटका नाही, कॅलरी जवळपास तेवढ्याच. ह्यावर आमच्याकडे अजून भांडण चालू आहे.

उपवासाची गोष्ट इथेच काढा. "एकादशी, दुप्पट खाशी" आपल्याच आज्यांनी म्हणून ठेवलंय. साबुदाण्याची उसळ, आलूचा चिवडा, फल्लीचा लाडू, आणि वर साखरेचं दही. उपवास देवासाठी करा, वजनासाठी धरू नका.

ताट कसं असावं हे मी परातीत दाखवते. निम्म्या परातीत भाजी, कोशिंबीर, फळ. उरलेल्यातलं निम्मं वरण, चना, मोट (म्हणजे मटकी), अंडं, दही. आणि शेवटच्या पावात भात किंवा पोळी. आपल्याकडे उलट असतं: भाताचा डोंगर आणि त्यावर वरणाचं तळं. भात बंद केला की पूर्व विदर्भातला माणूस दुपारी चारला उपाशी होतो आणि आलूबोंडा खातो, म्हणून भात बंद नाही. क्रम बदला: आधी कोशिंबीर आणि भाजी, मग वरण, भात शेवटी. पोट अर्धं भरल्यावर भात आपोआप कमी वाढला जातो.

महागाईवरचं उत्तर बुधवार बाजारात आहे. बाजार उठायच्या तासभर आधी गेलं की पालेभाजीची जुडी निम्म्या दरात येते. आंबाडी, चवळी, मेथी, उन्हाळ्यात चिवळ, आणि पहिल्या पावसानंतर तरोटा, जो मोकळ्या जागेत फुकट उगवतो आणि आमच्या आज्या फल्लीकूट घालून करायच्या. फक्त नाल्याकाठचा आणि फवारलेल्या जागेचा घेऊ नका. प्रथिनांसाठी सोयाबीनची वडी स्वस्त. शंभर ग्रॅम सुक्या वडीत पन्नासच्या आसपास ग्रॅम प्रथिनं, आणि सोयाबीन तर आपल्याच शेतातलं. फल्लीदाणे मूठभरच, ओंजळभर नाही. आमचे ते साठ रुपयांचे दाणे एका दुपारी संपले, त्यावरून मी हे शिकले.

चालणं

आठवड्याला दीडशे मिनिटं भरभर चालायचं, म्हणजे पाच दिवस अर्धा अर्धा तास. भरभर म्हणजे बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही. बुटांशिवाय, साडीत, चपलेवर चालता येतं, चपलेला मागे पट्टा हवा एवढंच. दोघीदोघींच्या जोड्या लावा. एकटीला रोज कारण सापडतं, जोडीदारीण दाराशी उभी राहिली की सापडत नाही. रेशीमबाग मैदान, सक्करदरा तलाव, नाहीतर आपली गल्ली दहा वेळा.

एप्रिलच्या मध्यापासून जून उजाडेपर्यंत हे वेळापत्रक कोसळतं. पारा 45 वर असताना सकाळी आठलाही बाहेर पडायचं नाही. पहाटे साडेपाच किंवा रात्री जेवणाआधी गच्चीवर. ते नसेल तर घरात खुर्चीवरून हात न टेकता उठायचं-बसायचं, दहा वेळा, दिवसातून तीनदा. मशीनवर बसणाऱ्या, विडी-पापड करणाऱ्या बायकांना मी हे बारा महिने करायला लावते. मी बॉबिन भरली की उठते. दिवसाला आठदहा वेळा बॉबिन भरतेच.

इथे आपण थांबायचं

गरोदर बाई, बाळाला पाजणारी आई, साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणारी, किडनीचा त्रास असलेली: ह्यांना वर्गात बसवा, पण जेवण कमी करायला किंवा उपवास करायला सांगू नका. त्यांचं डॉक्टर ठरवतील. काही न करता वजन भराभर उतरत असेल तर अभिनंदन करू नका, त्याच आठवड्यात तपासायला पाठवा. खूप तहान, वारंवार लघवी, पाळी महिनोन्‌महिने न येणं, जिना चढताना धाप, झोपेत घोरता घोरता श्वास अडकणं, हे सगळं दवाखान्याचं काम आहे.

तीस वर्षांवरच्या प्रत्येकीचा आशाताईंकडून सीबॅक फॉर्म, म्हणजे बीपी-साखरेसारख्या आजारांचा धोका आधीच ओळखायचा सरकारी फॉर्म, भरून घ्या. त्यात वय, तंबाखू, दारू, कमर, हालचाल आणि घरात कोणाला बीपी-साखर आहे का, ह्यांना गुण असतात. बायकांची कमर 80 पर्यंत शून्य, 90 पर्यंत एक, त्यापुढे दोन. बेरीज चारच्या वर गेली की आधी तपासणीला पाठवायचं. आमच्या आशाताईंना घरोघरी टेप लावू देत नव्हत्या बायका. आता त्या मंगळवारी येतात, आमच्या वहीतून माप उतरवून घेतात आणि त्यांचं चार दिवसांचं काम तासात होतं. साखर आणि बीपी मनपाच्या नागरी आरोग्य केंद्रात तपासून मिळतं. एकटी जायला कचरतात, म्हणून आम्ही सहा सहा जणी मिळून जातो.

आणि वर्गात कोणालाही काही विकू द्यायचं नाही. आमच्याकडे तिसऱ्या महिन्यात एक ताई आल्या, गोड बोलल्या, फुकट वजन तपासलं, आणि दोन मंगळवारांनंतर शेकमध्ये घालायच्या पावडरचा डबा काढला, किंमत दोन हजारांच्या वर. तिघींनी घेतला, एकीने भिशीचे पैसे मोडून. महिनाभर जेवणाऐवजी प्यायली, चार किलो उतरलं, डबा संपला आणि पाच चढलं. चूक माझीही होती, मीच त्यांना बसायला खुर्ची दिली होती. महिन्याला दोन किलोच्या आसपास उतरलं तर पुष्कळ झालं, आणि ज्यांचं वजन तसंच राहून कमर एक इंच उतरली त्यांचंही उतरलंच, हे वहीत ठळक लिहून ठेवा. माप तीन महिन्यांतून एकदाच घ्या. दर आठवड्याला घेतलं तर बायका आकड्याला घाबरून मंगळवारी घरी राहतात.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आम्ही प्लॅस्टिकच्या डब्यांऐवजी 15 मिलीचा चमचा आणि टेप वाण म्हणून दिला. पंचवीस-तीस रुपयांत झालं. वस्तीतल्या विधवा बायकांनाही बोलावलं. ह्यावर दोघी रुसल्या, एक अजून बोलत नाही. तरी पुढच्या वर्षीही तसंच करणार.

पुरुषांचं काय

हा भाग सगळ्यात कच्चा आहे, पण लिहिते. पुरुष मंगळवारी येत नाहीत आणि "महिलांचा कार्यक्रम" म्हणून बाजूने निघून जातात. पोटं मात्र त्यांचीच पुढे. त्यांची एक समजूत शिवणवालीलाच माहीत असते: पँटचा नंबर वाढला नाही म्हणजे आपण तेवढेच आहोत. पोट वाढलं की पुरुष पट्टा पोटाखाली सरकवतो. नंबर लग्नातला, पोट वरून लोंबतंय. म्हणून त्यांना बेंबीजवळ, बरगडी आणि हाडाच्या मध्येच मोजा, पट्ट्यावरून नाही.

जागा त्यांची निवडा. आम्ही रविवारी सकाळी कोपऱ्यावरच्या पोह्याच्या ठेल्याजवळ टेप घेऊन उभ्या राहिलो, मी आणि आशाताई. माप त्यांचं त्यांनाच घ्यायला लावलं, आम्ही फक्त जागा दाखवली. पहिले आले ते आमच्या गल्लीतले एक रिटायर्ड काका. हातातली तर्रीची प्लेट बाजूला ठेवून म्हणाले, "चौतीस. बावीस वर्षं झाली, चौतीसच." टेप लावला, एक्केचाळीस.

"टेप खराब होऊन राहिला तुमचा," काका म्हणाले.

मी पिशवीतून दुसरा काढून दिला.